घोडं डोक्याभरानं हुकलं, माणूस पुन्हा खिडकीवर
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात आपण अर्जेंटिनाच्या टँगोवर, म्हणजे तिथल्या नाच-गाण्याच्या प्रकारावर, एक छोटं टिपण छापलं होतं. त्यात 'पोर उना काबेसा' हे गाणं रेसच्या घोड्यावर आहे असं एक वाक्य होतं आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं नि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेऊ.

प्रश्न: माझ्या भाचीचं लग्न आहे. संगीतच्या कार्यक्रमात नवरा-नवरीच्या डान्ससाठी कोरिओग्राफर पोरानं हीच ट्यून घेतली आहे. मी ती त्या आंधळ्या कर्नलच्या इंग्रजी सिनेमात ऐकली होती, फार गोड वाटली. आता तुम्ही म्हणून राहिले की हे घोड्याचं गाणं आहे! मग हे प्रेमाचं गाणं आहे की नाही? पूर्ण अर्थ सांगा बरं.
(एक मावशी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: मावशी, दोन्ही आहे. घोडाही आहे आणि बाईही आहे, आणि गाण्याची खरी गंमत अशी की गाणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत दोघांमधला फरक करता येत नाही.

तुम्ही म्हणता तो सिनेमा म्हणजे 1992 चा 'सेंट ऑफ अ वुमन'. अल पचिनो रेस्टॉरंटमध्ये एका अनोळखी मुलीसोबत नाचतो तो सीन. पुढच्याच वर्षी 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये आणि 1994 मध्ये 'ट्रू लाइज'मध्ये पण हीच ट्यून वाजली. पचिनोच्या त्या नाचात नुसती वाद्यं आहेत, शब्द नाहीत, म्हणून जगभर लोकांना हे एक रोमँटिक डान्सचं म्युझिक म्हणूनच माहीत झालं, त्यात तुमच्या कोरिओग्राफरची काहीच चूक नाही.

मूळ गाणं 1935 चं. चाल टँगोचा प्रसिद्ध गायक कार्लोस गार्देलची, शब्द आल्फ्रेदो ले पेराचे, आणि ते 'टँगो बार' नावाच्या सिनेमासाठी न्यूयॉर्कमध्ये तयार झालं. नावाचा अर्थ सरळ आहे, 'एका डोक्यानं'. रेसमध्ये दोन घोडे जवळजवळ बरोबरीनं पोचले आणि एकाचं नुसतं डोकं पुढे असलं की त्याला म्हणतात 'हेड'नी जिंकला. आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या रेसच्या निकालात पण नेक, हेड, शॉर्ट हेड असंच लिहून येतं.

आता शब्द. सुरुवातीला एक उमदं शिंगरू आहे, सगळी रेस चांगली पळालं, पण अगदी रेषेवर येऊन ढिलं पडलं आणि डोक्याभरानं हरलं. इथपर्यंत नेहमीची रेसची गोष्ट. पण पुढच्या ओळीत ले पेरा जे करतो ते मला फार आवडतं. रेस संपली की घोडे वेग कमी करत करत परत येतात, लोकांसमोरून जातात, तेव्हा हरलेलं तिकीट हातात घेऊन माणूस कठड्याशी उभा असतो. ते शिंगरू त्याच्यासमोरून परत जाताना जणू त्याला सांगतं की भाऊ, विसरू नको बरं, तुला तर माहीत आहे, जुगार खेळायचा नसतो! म्हणजे ज्याच्यावर पैसे लावले तोच घोडा घामानं निथळत येऊन समजावून राहिला आहे, तेही रागावून नाही, अगदी घरच्यासारखं, 'भावा' म्हणून. आणि 'तुला माहीत आहे' हे दोन-तीन शब्द नीट बघा. माणसाला कळत नाही अशी भानगडच नाही इथे, त्याला सगळं कळतं. कळूनही तो परत येणार आहे हे घोड्यालाही कळतं.

मग बाई येते. एका दिवसाचं वेड असं तो स्वतःच म्हणतो. ती नखरेल आहे, हसरी आहे, हसत हसत प्रेमाची शपथ घेते पण खोटी, आणि त्याचं सगळं प्रेम होळीत टाकावं तसं जाळून टाकते. लगेच पुढे गाणं उसळतं, की सगळे वेडेपणे त्या एका डोक्यापायी, तिच्या ओठांनी दुःख पुसलं जातं, कडूपणा शांत होतो, ती मला विसरली तर हजार वेळा जीव गेला तरी काय फरक पडतो, जगायचं कशाला.

दुसऱ्या कडव्यात तो हिशोब मांडतो. किती वेळा तोंडघशी पडलो या डोक्यापायी, हजारदा शपथ घेतली की आता पुन्हा नादी लागणार नाही, पण जाता जाता एखादी नजर काळजात रुतली की झालं, पुन्हा ते जळते ओठ हवेत. रेस बंद, जुगार संपला, अटीतटीची शर्यत आता बघणारच नाही... पण येत्या रविवारी एखाद्या घोड्याची पक्की टीप असेल तर मी स्वतःला सगळाच्या सगळा पणाला लावतो, काय करू!

इथे गाण्याची गोष्ट संपते. पुढे नवीन काहीही नाही.

आता 'डोक्याभरानं' हेच का, ते सांगतो. दहा लेंग्थनी, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीनं, हरलेला घोडा माणूस विसरून जातो, तो घोडाच भिकार होता म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. पण डोक्याभरानं हरलेला घोडा झोपू देत नाही. आपल्याकडच्या शंकरपटात ज्यांनी जोडी पळवली आहे त्यांना हे सांगायलाच नको, जोडी फार मागे राहिली तर धुरकरी गुपचूप गाडीत बैल घालतो, पण सेकंदाच्या बारक्या हिश्श्यानं नंबर गेला तर वर्षभर त्याच्या तोंडी तेच असतं, पुढच्या पटात बघतोच म्हणून. जुगाराचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ याला 'नियर मिस' म्हणतात, म्हणजे थोडक्यात हुकणं, आणि असं हुकल्यावर माणसाला हरल्यासारखं न वाटता जिंकायला आलो होतो असं वाटतं नि तो पुढचा डाव लावतो, हे त्यांनी जुगाराच्या मशीनवर खेळणाऱ्या लोकांमध्ये तपासून पाहिलं आहे. ले पेरानं ही गोष्ट 1935 मध्ये तीन शब्दांत सांगून टाकली. आणि प्रेमातही त्याची तीच गत आहे. बाईनं तोंडावर नाही म्हटलं असतं तर सुटला असता बिचारा. ती हसली, तिथेच तो अडकला.

चालीत पण हे ऐकू येतं. सुरुवातीची चाल मोठी हसरी, डुलत डुलत चाललेली आहे, आणि जिथे सगळे वेडेपणे येतात तिथे एकदम रंग बदलतो, मेजरमधून मायनरमध्ये जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो, तोच षड्ज, तोच माणूस, पण आतलं काहीतरी उघडं पडतं. व्हायोलिन वर चढतात ना, अंगावर काटा येतो ती जागा, तीच ही. मग कडव्यासोबत परत हसरी चाल. तो माणूस बोलताना हसून राहिला आहे आणि पोटात मात्र आग आहे, हे शब्द न कळताही त्या वळणावर कळतं.

तर मावशी, भाचीच्या संगीतमध्ये वाजवा की नको? माझं मत, खुशाल वाजवा, पण नुसती वाद्यांची ट्यून घ्या. गाण्याची आवृत्ती लावली आणि पाहुण्यांमध्ये एखादा स्पॅनिश शिकलेला पोरगा निघाला, तर स्टेजवर नवरा नवरीकडे बघून 'तू हसत हसत खोटं बोलतेस' म्हणून राहिला हे त्याला कळेल, ते काही बरं दिसत नाही.

प्रश्न: तुमचं टिपण वाचलं. मला एक सांगा, जुगाऱ्याच्या गाण्याला एवढं डोक्यावर का घ्यायचं? आमच्या ओळखीत मोबाईलवरच्या सट्ट्यापायी एका घरात दागिने गेले, शेत गहाण पडलं. शेवटी तो माणूस सुधारतो असं तरी गाण्यात आहे का?
(एक काका, महाल, नागपूर)

उत्तर: काका, नाही सुधारत. आणि ज्या घराबद्दल तुम्ही लिहिलंत त्या घरातल्या लोकांना हे गाणं ऐकवा असं मी म्हणणार नाही, त्यांना आधी डॉक्टरची आणि समुपदेशनाची गरज आहे. व्यसनमुक्तीचे डॉक्टर जुगाराच्या व्यसनावर पण उपचार करतात, सरकारी मेडिकलच्या मानसोपचार विभागात विचारायला लाजू नका, हे दारूइतकंच खरं दुखणं आहे.

पण गाण्याची बाजू मला मांडू द्या. हे गाणं जुगाराची जाहिरात करत नाही. ते त्या माणसाच्या तोंडूनच त्याचं दुखणं सांगतं, आणि असं सांगणारं हे काही पहिलंच काव्य नाही. आपल्याच ऋग्वेदात दहाव्या मंडलात 34 वं सूक्त आहे, अक्षसूक्त म्हणतात त्याला, फाश्यांवरचं. त्यात एक जुगारी स्वतः बोलतो. सासू राग राग करते म्हणतो, बायको जवळ येऊ देत नाही, दुसऱ्यांच्या बायका आणि त्यांची नीटनेटकी घरं पाहिली की जळफळाट होतो. आणि मग तो सांगतो की मी मनाशी ठरवतो आता यांच्याशी खेळणार नाही, सोबतचे मित्र पुढे निघून जातात, मी मागे राहतो, पण पटावर टाकलेल्या त्या तपकिरी फाश्यांचा आवाज कानावर आला की मी निघतोच त्यांच्याकडे, याराकडे चोरून जाणाऱ्या बाईसारखा. बघा, तिथेही जुगार आणि चोरटं प्रेम एकाच ओळीत आलं! हजारो वर्षांचं अंतर, मधे अख्खा समुद्र, एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही, आणि शपथ मोडायची तऱ्हा तीच. अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्युनोस आयर्सच्या माणसाला नजर ओढते, आपल्या माणसाला फाश्यांचा आवाज ओढतो, एवढाच काय तो फरक.

सूक्ताच्या शेवटाकडे त्याला सांगितलं जातं की फासे खेळू नको, शेती कर, तिथे गाई आहेत, तिथे बायको आहे, आहे त्यात सुख मान. टँगोत हा सल्ला पहिल्याच कडव्यात, घोड्याच्या तोंडी येऊन गेला. ऋग्वेदातला कवी उपदेशाजवळ येऊन थांबला, ले पेरा उपदेश आधी सांगून मोकळा झाला आणि मग माणूस कसा पळतो ते दाखवत बसला. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त खरी वाटते, कारण व्यसनात बुडालेल्या माणसाला सल्ला मिळाला नाही असं होतच नाही, सकाळ-संध्याकाळ सगळेच देत असतात.

आणखी एक गोष्ट पहा. शेवटी तो त्याच शिंगरावर पैसे लावणार असं म्हणत नाही, 'एखाद्या घोड्याची पक्की टीप असेल तर' म्हणतो. कुठलाही घोडा चालेल. आणि 'जाता जाता एखादी नजर' म्हणतो, ती नजर नेमकी कोणाची तेही सांगत नाही. म्हणजे त्याला ना ते शिंगरू हवं आहे ना ती बाई, त्याला तो रेषेजवळचा एक क्षण हवा आहे, जिथे अजून काहीच ठरलेलं नसतं. तुमच्या ओळखीतल्या त्या माणसालाही बहुतेक पैशापेक्षा तेच हवं असेल, म्हणून नुसतं त्याचं कर्ज फेडून भागत नाही.

गार्देल हे ऐकीव माहितीवर गात नव्हता हेही लक्षात घ्या. त्याला रेसचा जबरदस्त नाद होता. ब्युनोस आयर्सच्या पालेर्मो रेसकोर्सवर तो नेहमीचा, 'लुनातिको' नावाचा त्याचा स्वतःचा घोडा होता, आणि त्या घोड्यावर बसायचा इरिनेओ लेगिसामो, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला जॉकी, ज्याच्या कौतुकाचा एक अख्खा टँगो गार्देलनं गायला आहे. त्यामुळे तो 'काय करू' म्हणतो तेव्हा आवाजात जो हताश खेळकरपणा आहे, तो नुसत्या अभिनयानं येत नाही असं मला ऐकताना वाटतं.

प्रश्न: मी लिटरेचरची स्टुडंट आहे. माझा प्रश्न थोडा चिडून विचारतेय. या गाण्यातली बाई खोटारडी, नखरेल, जाळून टाकणारी. जुगार हा खेळणार आणि दोष बाईला? सगळेच टँगो असे आहेत का?
(एक वाचक, सीताबर्डी, नागपूर)

उत्तर: चिडणं रास्त आहे तुमचं. या गाण्यात ती बाई एक शब्द बोलत नाही. तिनं काय केलं म्हणाल तर हसली, शपथ घेतली, बस. ती खोटी होती हेही आपल्याला तोच सांगतोय, आणि हा तोच माणूस आहे जो स्वतः हजार शपथा मोडून बसला आहे! मोडलेल्या शपथांचा हिशोब लावला तर तिची एक आणि याच्या हजार. मला नाही वाटत की हे ले पेराच्या लक्षात आलं नसेल, पण त्यानं ते तसंच सोडून दिलं आणि ऐकणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बाईलाच नावं ठेवली, हे खरं आहे.

टँगोमध्ये हे कुठून आलं ते थोडं सांगतो. 1917 मध्ये गार्देलनं 'मी नोचे त्रिस्ते' रेकॉर्ड केलं, पास्क्वाल कोंतुर्सीच्या शब्दांचं, बाई सोडून गेल्यावर खोलीत एकटा बसलेला माणूस. गायचा टँगो, म्हणजे गोष्ट सांगणारा टँगो, तिथून सुरू झाला असं साधारण मानतात, आणि ते इतकं चाललं की सोडून गेलेली बाई हा जणू साचाच होऊन बसला. पण त्यामागे त्या शहराची अवस्था पण आहे. इटली, स्पेन आणि कुठून कुठून लोक बोटीनं आले होते, त्यात एकटे पुरुष फार. 1914 च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. एका वाड्यात खोली-खोलीत कुटुंबं कोंबलेली, कोन्वेंतिल्यो म्हणायचे त्या चाळींना. घर मागे, भाषा मागे, हाताशी बायको नाही, अशा माणसांच्या गाण्यात बाई म्हणजे एक तर गावाकडची देवी आई, नाहीतर फसवून गेलेली. मधली, साधी, आपल्यासारखी बाई फारच कमी. मी कारण सांगतोय, त्याला माफ करत नाहीये.

आणि बायका गप्प बसल्या होत्या असंही नाही. आसुसेना मायसानी विसाच्या दशकातच मोठी टँगो गायिका होती, पुरुषी वेशात स्टेजवर उभी राहायची, स्वतः गाणी पण केली. तीता मेरेल्लोचा फटकळ आवाज ऐका, लोक माझ्याबद्दल काय काय बोलतात ते मोजून दाखवणारं तिचं गाणं तुम्हाला नक्की आवडेल. पुढे एलादिया ब्लास्केसनं शब्द आणि चाल दोन्ही स्वतः लिहून टँगोत वेगळीच बाई आणली. पेपर लिहायचा असेल तर गार्देलच्या शेजारी या तिघींना ठेवून लिहा, फार छान विषय होईल.

प्रश्न: ले पेरा कोण होता? गार्देलचं नाव सगळीकडे दिसतं, त्याचं कुठेच नाही. आणि मूळ रेकॉर्डिंग मिळतं का?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: मिळतं, यूट्यूबवर गार्देल आणि गाण्याचं नाव टाका, 1935 चं न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग येईल, तीन मिनिटांच्या आतलं आहे. 'टँगो बार'मधला सीन पण सापडतो.

ले पेरा जन्मानं ब्राझीलच्या साओ पाउलोचा, वाढला ब्युनोस आयर्समध्ये, आधी पत्रकार. गार्देलच्या पॅरामाउंट कंपनीच्या बहुतेक सिनेमांच्या कथाही तोच लिहायचा आणि गाणीही. सिनेमे सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत चालायला हवे होते, म्हणून त्यानं ब्युनोस आयर्सची गल्लीतली बोली, लुन्फार्दो म्हणतात तिला, बरीच कमी केली. या गाण्यात मात्र ती थोडी शिल्लक आहे, कारण रेसकोर्सवरचा माणूस पुस्तकी भाषेत बोलला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. जुगाराला, घोड्याला, पक्क्या टिपेला, एका दिवसाच्या वेडाला, सगळ्याला तिथले गल्लीतलेच शब्द आहेत.

नाव मागे का पडलं म्हणाल तर दोघं एकाच दिवशी गेले. 24 जून 1935, कोलंबियातलं मेदेयीन, धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर झाली. गाणं त्याच वर्षीचं होतं. सगळा खंड गार्देलसाठी रडला आणि त्यात शब्द लिहिणारा झाकून गेला. त्या दौऱ्यावर सोबत चल म्हणून गार्देलनं न्यूयॉर्कमधल्या एका पोराला पण बोलावलं होतं, बांदोनेऑन (हातात धरून वाजवायचं, भात्याचं टँगोचं वाद्य) वाजवणारा, वडिलांनी लहान आहे म्हणून पाठवलं नाही. तो पोरगा म्हणजे आस्तोर पियाझोला, ज्यानं पुढे टँगोचं रूपच बदलून टाकलं. त्याच्यावर पण दोन पत्रं आली आहेत, ती पुढच्या अंकात घेतो.